बारमागचा केन, कोपऱ्यातला टॉमी आणि पबातली गाणी

अर्धाग्लास (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०:५२

ब्रिटिश विनोदी मालिकांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. 'माइंड युवर लँग्वेज', 'यस मिनिस्टर', 'फॉल्टी टॉवर्स', फार तर 'मिस्टर बीन'. मध्ये एक बारकं स्टेशन आहे, तिथे कोणी उतरत नाही, म्हणून हा धागा.

'अर्ली डोअर्स'. बीबीसी टू, २००३ आणि २००४. दोन सीझन, सहा-सहा भाग, खेळ खलास. लिहिणारे क्रेग कॅश आणि फिल मीली. यातला कॅश म्हणजे कॅरोलाइन अहर्नबरोबर 'द रॉयल फॅमिली' लिहिणारा. ग्रेटर मँचेस्टरमधला 'द ग्रेप्स' नावाचा एक जुनाट पब, आणि कॅमेरा त्या पबची पायरी जवळजवळ उतरतच नाही. पब चालवतो केन (जॉन हेनशॉ), वरच्या मजल्यावर त्याची आई. बायको सोडून गेलेली, तिची मुलगी मेलनी मात्र केननेच वाढवलेली. दार उघडायचं, रात्री लावायचं, मधल्या वेळात तीच ती माणसं त्याच त्या खुर्च्यांवर. मागून पेरलेला हशा नाही. कथानक म्हणाल तर नावापुरतं.

पण माणसं बघा. एडी आणि जोन हे जोडपं घ्या. रस्त्यावरची खोदकामं, तात्पुरते सिग्नल, वाहतूक कुठून वळवली आहे, यापलीकडे एडीला जगात रस नाही. आणि जोन ते ऐकते, अगदी मनापासून ऐकते. कोपऱ्यात टॉमी, एकटा, समोर एक ग्लास, चेहरा असा की शेजारी कोणी टेकलं तर भाडं मागेल. आणि मागच्या दाराने येणारे दोन हवालदार, फिल आणि नाइज. ड्युटीवर असताना केनच्या स्वयंपाकघरात बसून फुकटची ढोसायची आणि उठताना म्हणायचं, चला, गुन्हे काही आपणहून उकलत नाहीत. पहिल्या सीझनमध्ये मेलनीचा मित्र म्हणून एक कोवळा पोरगा दिसतो, तो जेम्स मॅकॅव्हॉय. पुढे हॉलिवूडला गेला.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या डोक्यातल्या पबात गाणं असतं. पियानोवर कोणीतरी काका, भोवती ग्लास उंचावलेली मंडळी, ताल धरायला टेबल. हे चित्र बहुतेक चॅस अँड डेव्ह यांच्यामुळे बसलं. एक पियानो, एक बेस आणि लंडनच्या कॉकनी उच्चारातली गाणी. त्यांचं १९८२ चं 'एन्ट नो प्लीझिंग यू' तर चार्टात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मग मालिकांमधल्या पबांत एवढी शांतता का? माझा अंदाज असा: विनोद चालतो तो बोलण्यावर आणि बोलण्यातल्या पॉजवर. एडीने सिग्नलची बातमी दिल्यावर जोन 'हो का?' म्हणेपर्यंत जो क्षण जातो, तोच खरा विनोद. त्यात ज्यूकबॉक्स लावला की मेला. म्हणजे पबची मालिका आणि पबचं गाणं या सवती आहेत, आपण आठवणीत मात्र दोघींना एका घरात नांदवतो.

तिकडे राहिलेल्या मंडळींनी सांगा, गाणं खरंच होतं की ही टीव्हीची जादू?


चकणाप्रेमी · शुक्रवार, रात्री ११:०४

खारे दाणे घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे. चालू द्या.


पेकहॅमचा_पाटील · शुक्रवार, रात्री ११:२०

पबचा सीन म्हणजे एकच. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', नॅग्ज हेड, डेल बॉय बारला रेलायला जातो आणि काउंटरची फळी उचललेली असल्यामुळे सरळ आडवा. किती वेळा बघितलं तरी पोट दुखतं. बाकी मालिका त्यापुढे पाणी कम.


खडूस_काका · शनिवार, सकाळी ७:१५

पाटील, तो सीन नॅग्ज हेडमधला नाही. १९८९ च्या 'यपी लव्ह' या भागातला आहे आणि जागा आहे एक वाइन बार. यात मजा आहे म्हणून सांगतो. नॅग्ज हेडमध्ये डेल कधीच पडला नसता. तिथली फळी कुठे उचलते, मालक माइक कधी तळघरात जातो, हे त्याला झोपेतही ठाऊक. थॅचरबाईंच्या काळात हा गडी यपी, म्हणजे पैसेवाला तरुण साहेब, व्हायला निघतो, हातात ब्रीफकेस, अंगावर लांब कोट, आणि मुद्दाम पॉश बारमध्ये जाऊन आपला मित्र ट्रिगर याच्यासमोर भाव खात उभा राहतो. परक्या जागी रेलायला गेला म्हणून पडला. लेखक जॉन सलिव्हनने जागा उगाच बदललेली नाही.

आता धाग्याबद्दल. पबात गाणं हवंच हे कोणी सांगितलं? जॉर्ज ऑर्वेलने ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या लाडक्या पबवर लेख लिहिला होता, 'द मून अंडर वॉटर'. चिनीमातीच्या मगात बिअर, पोरांना खेळायला मागे बाग, बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखणाऱ्या बारमेड, काउंटरवर टपाल तिकिटं आणि ॲस्पिरिनसुद्धा. आणि मुख्य म्हणजे तिथे ना रेडिओ, ना पियानो. का, तर बोलता यावं. लेखाच्या शेवटी म्हणतो, असा पब नाहीच मुळी.

पुढे वेदरस्पून्स या पबसाखळीच्या टिम मार्टिनने (पहिला पब १९७९) आपल्या कित्येक पबांना तेच नाव देऊन टाकलं. त्यांच्या बहुतेक ठिकाणी संगीत नसतं, एवढा एक नियम पाळला. बाकी चिनीमातीचे मग मी तरी पाहिले नाहीत. ऑर्वेल तिथला गालिचा बघून काय म्हणाला असता देव जाणे.


बेसगिटार · शनिवार, सकाळी ९:४०

काकांना साष्टांग, पण ऑर्वेल एकटा होता, गाणारे पुष्कळ होते. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी लंडनला शिकायला होतो आणि खोलीभाडं थोडंफार पबांत वाजवून काढायचो. गिटारवर एक वेल्श मित्र, बेसवर मी. लोक विचारायचे, ड्रमर का नाही? उत्तर कायद्यात होतं.

१९६४ च्या परवाना कायद्यात एक सवलत होती, तिला सगळे 'टू इन अ बार' म्हणायचे. वाजवणारे दोन किंवा त्याहून कमी असतील तर पबमालकाला करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. तिसरा माणूस स्टुलावर बसला की कौन्सिल, अर्ज, फी, तपासणी. त्यामुळे देशभरच्या पबांत जोडगोळ्यांचं पीक. आमच्या मालकाचं बारीक लक्ष असायचं: एखादा खुशीत आलेला माणूस हार्मोनिका काढून आमच्यात घुसू लागला की तो बारमागूनच 'तू खाली बस' म्हणून ओरडायचा. आम्हाला वाटायचं सुरांची काळजी. काळजी परवान्याची.

ती सवलत २००३ च्या नव्या कायद्याने काढून घेतली, अंमल नोव्हेंबर २००५ पासून. तोच कायदा, ज्याच्या नावाने 'आता चोवीस तास दारू' अशी बोंब वर्तमानपत्रांनी ठोकली. बिअर उशिरापर्यंत मिळू लागली आणि गिटारवाल्या दोघांना कागदपत्रं आली. बऱ्याच छोट्या पबांनी वैतागून गाणंच बंद केलं. पुढे २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने दोनशेपर्यंत श्रोते असतील तर रात्री अकरापर्यंत मोकळीक दिली. पण सात वर्षं गाणं तुटलेल्या पबात ते परत आणायचं म्हणजे सोपं नसतं. कोपऱ्यातल्या त्या जागेवर तोवर मोठा टीव्ही येऊन बसलेला असतो.

आणि त्याआधीचा काळ बघायचा तर सत्तरच्या दशकातलं पब रॉक. केंटिश टाउनचा 'टॅली हो' हा खरं तर जॅझचा पब. १९७१ मध्ये 'एग्ज ओव्हर ईझी' या अमेरिकन बँडने तिथे वाजवायला सुरुवात केली आणि लोण पसरलं. इझलिंग्टनचा 'होप अँड अँकर'. इयन ड्युरीचा जुना बँड, जो स्ट्रमरचा क्लॅशच्या आधीचा '१०१अर्स', सगळे या वाटेने गेले. कॅन्व्ही आयलंडचा 'डॉक्टर फीलगुड' तर बघाच. विल्को जॉन्सन गिटार बंदुकीसारखी रोखून, डोळे वटारून, रुळावरून धावल्यासारखा मागेपुढे. १९७६ मध्ये त्यांचा 'स्टुपिडिटी' हा लाइव्ह अल्बम चार्टात पहिला आला. स्टेडियम नाही, लेझर नाही, पहिल्या रांगेतल्याची बिअर अंगावर सांडते एवढंच अंतर. पंकला जागा तयार मिळाली ती या पबांमुळे.

मालिकांत गाणं नाही म्हणता, तर 'द यंग वन्स' (१९८२) बघा. 'केबाब अँड कॅल्क्युलेटर' नावाच्या पबात साक्षात मॅडनेस बँड 'हाउस ऑफ फन' वाजवतो. यामागचं कारण फक्कड आहे. भागात बँड असला की बीबीसीच्या हिशेबात कार्यक्रम 'व्हरायटी' ठरायचा आणि बजेट वाढून मिळायचं. गाणं आलं ते कलेसाठी नव्हे, फाइलीसाठी.


अर्धाग्लास · शनिवार, सकाळी १०:१२

बेसराव, नुसता प्रतिसाद काय देताय, वेगळा धागा काढा. 'तिसरा माणूस बसला की परवाना' यावर एक भाग सहज होईल. हवालदार येतात, तिघे वाजवतायत, केन म्हणतो तो तिसरा आमचा प्लंबर आहे.


शेफिल्डची_पाहुणी · शनिवार, दुपारी २:३०

गाणं होतं का असं विचारलंय, तर आजही आहे, फक्त टीव्हीवर येतं त्यापेक्षा वेगळं. शेफिल्डच्या वायव्येला स्टॅनिंग्टन, वरल, डंगवर्थ अशी गावं आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसपर्यंत तिथल्या पबांत रविवारी दुपारी कॅरल्स गातात. डंगवर्थचा 'रॉयल हॉटेल' त्यासाठी प्रसिद्ध. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी आम्हाला नेलं होतं. बाराला सुरू होणार म्हणून आम्ही साडेअकराला पोचलो तर आत पाय ठेवायला जागा नाही. मी दोन जाडजूड आजोबांच्या मध्ये, एकाच्या कोटाला ओल्या कुत्र्याचा वास, दुसऱ्याचा ग्लास माझ्या कानाशी. ऑर्गनवाल्याने दोन सूर धरले आणि त्या दोघांनी एकदम खर्ज लावला. पुस्तक कोणाकडे नाही. माझ्या बरगड्यांत ऐकू आलं म्हणा.

विशेष म्हणजे ही चर्चमध्ये ऐकू येणारी कॅरल्स नव्हेत. एकोणिसाव्या शतकात चर्चने आपलं संगीत 'सुधारायला' घेतलं, गावठी चाली आणि गॅलरीत बसणारे वादक बाहेर काढले. चाली जवळच्या पबात गेल्या आणि तिथेच राहिल्या. 'व्हाइल शेपर्ड्स वॉच्ड' हे एकच गीत तिथे कितीतरी चालींत गातात, आणि शेजारच्या गावाची चाल वेगळी असते ती 'त्यांची'. देवाचं गाणं देवळातून हाकललं आणि गुत्त्यात टिकलं, हे आमच्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तिथे कोणी परफॉर्म करत नाही. टाळ्याही फारशा नाहीत. गाणं संपलं की ग्लास तोंडाला.


मोगरा · शनिवार, दुपारी ४:०५

सगळं छान छान चाललंय, म्हणून जरा विरजण.

या पबांच्या आठवणी काढताना बायका कुठे होत्या ते पण बोलूया का? फ्लीट स्ट्रीटवर 'एल व्हीनो' नावाचा पत्रकार-वकिलांचा वाइन बार. बायकांनी बारपाशी उभं राहून मागवायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, वेटर आणून देईल. दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हा भेदभाव आहे. १९८२! आणि उत्तरेकडचे वर्किंग मेन्स क्लब, म्हणजे कामगारांचे क्लब, त्यांच्या मध्यवर्ती संघटनेने बायकांना पूर्ण बरोबरीचं सदस्यत्व दिलं २००७ मध्ये. तोपर्यंत बाई नवऱ्याबरोबर आली तर आली. वेकफील्डच्या एका क्लबात बायकांना स्नूकर खेळायला बंदी घातली तेव्हा शीला कॅपस्टिक यांनी १९७८ पासून लढा दिला होता.

आता चॅस अँड डेव्हचं 'रॅबिट' हे गाणं ऐका. १९८० चं हिट, आणि विनोद काय, तर बाई फार बोलते. चाल झकास आहे, मीही गुणगुणते. पण त्या पियानोभोवती ग्लास उंचावणाऱ्यांत कोण होतं आणि घरी भांडी कोण घासत होतं?

'अर्ली डोअर्स' मला आवडते ती याच कारणासाठी. त्यात जोन आहे, मेलनी आहे, साफसफाई करणारी विनी आहे, आणि त्या नुसत्या पुरुषांच्या विनोदाला हसायला ठेवलेल्या नाहीत.


बर्मिंगहॅमी · शनिवार, संध्याकाळी ६:४८

मोगराताईंना +१ आणि त्यात माझी भर. मी इथे वेस्ट मिडलंड्समध्ये बरीच वर्षं आहे. स्मेथिकला मार्शल स्ट्रीट आहे. १२ फेब्रुवारी १९६५ ला तिथे अमेरिकेतल्या काळ्यांचा पुढारी माल्कम एक्स आला होता, त्याचा खून होण्याच्या नऊ दिवस आधी. बोलावणारे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक, अवतारसिंग जौहल त्यांत पुढे. त्याला 'ब्लू गेट्स' या पबात घेऊन गेले, कारण तिथल्या एका खोलीत काळ्या-सावळ्या लोकांना दारू देत नसत. त्यालाही दिली नाही. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा आला आणि सार्वजनिक जागी असं करायला बंदी झाली. कागदावर.

त्यानंतरच्या दशकात टीव्हीवर काय चालायचं? 'लव्ह दाय नेबर', १९७२ ते ७६. गोरा आणि काळा शेजारी, आणि दोघं एकमेकांना ज्या शिव्या देतात त्यावर हशा. जुन्या पब-क्लबच्या मालिकांवर प्रेम करताना ही पण त्याच शेल्फवरची आहे हे विसरू नका.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पुढचा भाग मला फार आवडतो. फाउंड्रीत घाम गाळणाऱ्या पंजाबी लोकांना संध्याकाळी बिअर हवीच होती. हळूहळू त्यांनी पबच चालवायला घेतले. त्यांना आता देसी पब म्हणतात. बाहेरून इंग्रजी पाटी, 'रेड लायन' वगैरे. आत हँडपंपाची बिअर आणि तव्यावरून चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल, कांदा-लिंबू वर. मॅचच्या दिवशी म्हातारे गोरे आणि म्हातारे सरदार एकाच टेबलावर एकाच रेफ्रीला शिव्या घालतात. साउथॉलला 'ग्लासी जंक्शन' होता, तिथे बिअरचे पैसे चक्क रुपयांत चालायचे. २०१२ ला बंद झाला.

मालिका म्हणाल तर आमच्या पिढीची 'गुडनेस ग्रेशस मी'. शुक्रवारी रात्री पबातून झिंगत निघून 'इंडियन' खायला जायचं आणि वेटरला छळायचं ही गोऱ्यांची रीत. या लोकांनी ती उलटी केली: मुंबईतली टोळी 'इंग्लिश' खायला जाते आणि सगळ्यात फिकं काय आहे ते विचारते. पबवर पबात न जाता केलेला सगळ्यात चांगला विनोद तो.


पेकहॅमचा_पाटील · शनिवार, संध्याकाळी ७:३०

ते इंग्लिश खायला जातात ते स्किट मस्तच. काका, वाइन बारचा मुद्दा पटला, त्या नजरेने बघितल्यावर सीन आणखी भारी वाटतो.

अजून एक, अल मरेचा 'पब लँडलॉर्ड' कोणी ऐकलाय का? स्काय वनवर २००० ते २००२ 'टाइम जेंटलमेन प्लीज' मालिका होती. ब्रिटन महान, फ्रेंच वाईट, पुरुषाला पिंट, बाईला व्हाइट वाइन, असा छातीठोक मूर्ख. मरे स्वतः ऑक्सफर्डचा. पात्राची खिल्ली उडवतोय हे अर्ध्या प्रेक्षकांना कळायचं, उरलेले खरंच माना डोलवायचे. २०१५ च्या निवडणुकीत तो साउथ थॅनेटमधून नायजेल फराजविरुद्ध उभा राहिला. मतं मिळाली ३१८. फराजही पडला. हातात पिंट धरून फोटो काढणारा पुढारी आणि त्याची नक्कल करणारा नट एकाच मतपत्रिकेवर, याच्या वरताण कोण लिहिणार?


गंभीर_जोशी · शनिवार, रात्री ९:१०

मालिका चांगल्या असतीलही. पण दारूचं हे उदात्तीकरण बघून खेद वाटतो. पबसंस्कृती म्हणे. दारूने घरं बसतात, हे लिहायला कोणी नाही. आपल्या मराठीत गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी 'एकच प्याला' लिहून ठेवलं, ते वाचा आधी.


बालगंधर्वचा_शेवटचा_बाक · शनिवार, रात्री ९:५५

जोशीबुवा, बरं झालं आठवण काढलीत, कारण मी तेच लिहायला आलो होतो, फक्त उलट्या बाजूने.

'एकच प्याला' (१९१९) मध्ये सिंधू-सुधाकरचा भाग रडवतो हे खरं. पण तळीरामचे प्रवेश? आर्य मदिरा मंडळ? ठरलेली जागा, ठरलेली टाळकी, कामधंदा काही नाही, प्रत्येकाचं एक तुणतुणं आणि सगळा जोर बोलण्यावर. दारू पिण्याच्या बाजूने असे बिनतोड युक्तिवाद की थिएटर हसून लोळायचं. मराठीतली पहिली पबची विनोदी मालिका गडकऱ्यांनी लिहिली आणि तिच्याभोवती शोकांतिका बांधली, असं माझं प्रामाणिक मत आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तळीरामाला शेवटी मरावं लागतं. टॉमी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसतो. आपल्या लेखकाला पिणाऱ्याचा निकाल लावल्याशिवाय पडदा पाडता येत नाही.

आणि एक गंमत. ज्या वर्किंग मेन्स क्लबांचा वर उल्लेख आला, त्यांची संघटना १८६२ मध्ये काढली ती हेन्री सॉली नावाच्या दारूबंदीवाल्या पाद्र्याने. कामगारांनी पबात न जाता इथे वाचावं, व्याख्यानं ऐकावीत. थोड्याच वर्षांत क्लबांत बिअर आली. बिचारा सॉली!


गंभीर_जोशी · शनिवार, रात्री १०:२०

हे वाचन पटलं नाही. पण तळीराम हसवतो हे मान्य.


कळंगुटकर · रविवार, सकाळी ८:३०

आमच्या गोव्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून. तावेर्नात जा, संध्याकाळी. दोन बाकडी, भिंतीवर येशूची तसबीर, एप्रिल-मेमध्ये हुर्राक, एरवी फेणी. म्हातारा मालक गिऱ्हाइकाचा ग्लास बघून भरतो, विचारत नाही. आता जुनी तावेर्नं बंद होऊन 'कन्सेप्ट' तावेर्नं निघालीत, तीच फेणी लांब दांड्याच्या ग्लासात. इंग्लंडच्या स्विंडनला आमचे गोंयकार भरपूर आहेत. माझा भाचा तिथे रात्रपाळी करतो. म्हणतो, मामा, पबात जातो, पण आपल्याकडे बसून ग्लास समोर येतो, इथे उठून आणावा लागतो आणि वर सगळ्यांसाठी आणावा लागतो. राउंडचा हिशोब त्याला अजून जड जातो. एकाने सगळ्यांची पाजायची, मग दुसऱ्याने. मध्येच उठून गेलात तर आयुष्यभर बदनाम.


चकणाप्रेमी · रविवार, सकाळी ९:०२

राउंडमध्ये लिंबूपाणी पिणाऱ्याचं काय होतं? (मित्रासाठी विचारतोय.)


बर्मिंगहॅमी · रविवार, सकाळी ९:३०

लिंबूपाणी पिणारा पण राउंड घेतो. फक्त त्याचं मन दर राउंडला तुटतं.


खडूस_काका · रविवार, सकाळी ११:००

या आठवणींच्या पुरात एक व्यवहाराची गोष्ट. 'ग्रेप्स'सारखे पब मेले ते लोकांचं प्रेम आटलं म्हणून नव्हे. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींची मक्तेदारी मोडायला 'बिअर ऑर्डर्स' काढल्या: दोन हजारांवर पब असतील तर वरच्यांतले निम्मे मोकळे करा. हेतू चांगला. ब्रुअरींनी पब विकले, ते घेतले नव्याच मालमत्ता कंपन्यांनी, ज्यांना पबकंपन्या म्हणतात. केनसारख्या भाडेकरूवर अट, बिअर आमच्याकडूनच घ्यायची, आम्ही लावू त्या दराने. वर भाडं. सुपरमार्केटात कॅन स्वस्त. १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये पबात सिगारेट बंद झाली (फुप्फुसांसाठी उत्तम, मी स्वतः खूश), टॉमी घरी बसला. २००० साली साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधला 'रोव्हर्स रिटर्न' १९६० पासून चालू आहे, कारण त्याची ब्रुअरी 'न्यूटन अँड रिडली' काल्पनिक आहे.


शेंगदाणा · रविवार, दुपारी १२:४५

आणि आपल्याकडची मालिका कधी? परमिट रूमवर! एसी आणि नॉन-एसी असे दोन विभाग, दोन दर. नॉन-एसीत रिक्षावाले, कारकून, एक रिटायर्ड मास्तर क्वार्टर पुरवून पुरवून पिणारा. एसीत त्यांचाच साहेब, लपून. मधल्या काचेच्या दारातून दोघांची नजरानजर. वेटरला सगळ्यांच्या घरच्या भानगडी माहीत. चकण्याला उकडलेले चणे, पापड, वाटीतली शेव संपली की नवी फुकट, त्यावरून मालकाशी रोजचा वाद.


बेसगिटार · रविवार, दुपारी १:१०

शेंगदाणा, इंग्लंडमध्येही हेच होतं की. एकाच पबात साधी 'पब्लिक बार' आणि गालिचावाली 'सलून' किंवा लाउंज, तीच बिअर लाउंजमध्ये थोडी महाग. आता बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती पाडल्या आहेत.

तुझ्या मालिकेत एक पात्र वाढव, दारूबंदी खात्याचा इन्स्पेक्टर. १९४९ चा आपला दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. कागदावर प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना हवा. फिल आणि नाइजला महाराष्ट्रात बदली मागता येईल.


मोगरा · रविवार, दुपारी ३:२०

आणि परमिट रूमच्या 'फॅमिली सेक्शन'चा एक भाग मी लिहिणार. पडदा लावलेला, आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, वेटर बाईकडे न बघता नवऱ्यालाच विचारतो, 'मॅडमला काय, सॉफ्ट ड्रिंक?'


शेफिल्डची_पाहुणी · रविवार, दुपारी ४:००

लिहाच. मी पहिली वाचक.

धागाकर्ते, 'अर्ली डोअर्स' कुठून सुरू करावी? नवरा पाच मिनिटं बघून 'यात होतंय काय?' म्हणून उठून गेला.


अर्धाग्लास · रविवार, संध्याकाळी ५:२५

पहिल्या भागापासूनच, पण सबटायटल लावून. उत्तरेकडचे उच्चार पहिल्या भागात कळत नाहीत आणि निम्मी वाक्यं तोंडातल्या तोंडात असतात. दुसऱ्या भागापर्यंत कोण कुठे बसतो ते पाठ होतं, मग टॉमीची खुर्ची रिकामी दिसली तरी आपलं लक्ष दाराकडे जातं. तिथून पुढे नवऱ्याला बोलवा.

बेसरावांचा 'टू इन अ बार' वाचल्यावर मी 'फीनिक्स नाइट्स' (चॅनल फोर, २००१-०२) पुन्हा लावली. पीटर के, बोल्टनचा क्लब, आणि 'लेझ अलानोस' नावाचा घरचा बँड, त्यात माणसं बरोब्बर दोन. इथे गाणं मालिकेच्या मधोमध आहे, म्हणजे माझ्या सवतींच्या सिद्धांताला हे एक घर सोडून द्यावं लागेल. पण तिथेही बघा, विनोदाचं वाक्य यायचं असलं की बँड आधी थांबतो.

मोगराताई, पडद्याचा भाग नवीन धाग्यात टाका, इथे हरवेल. जोशीबुवांनाही आमंत्रण, तळीरामाच्या बाजूने नसलं तरी चालेल.